आधी कडा वाचा: जुनी लष्करी पदके, बिल्ले, त्यांचे धातू आणि निर्माते



हा पाठ इतिहासाच्या विभागात आहे, पण तो लिहिणारा मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. दिल्लीजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मटेरियल सायन्स शिकवतो. दरवर्षी मिश्रधातूंचा धडा आला की मी विद्यार्थ्यांना घरातली एखादी जुनी धातूची वस्तू आणायला सांगतो. वर्गात हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातली मुले भरपूर, त्यामुळे पितळी लोटे आणि अडकित्ते यांच्यासोबत एखादे तरी लष्करी पदक येतेच. ते टेबलावर ठेवताना बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: ‘सर, हे चांदीचे आहे का?’

प्रश्न चुकीचा नाही. पण तो पहिला नाही. पहिला प्रश्न असा की पदकाच्या कडेवर काय लिहिले आहे. दुसरा, ते कोणत्या मोहिमेचे आहे. धातूचा प्रश्न तिसरा आणि निर्मात्याचा चौथा. हा क्रम उलटा केला की काय होते, ते मी माझ्याच घरात पाहिले आहे.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात. पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले होते, एवढेच घरात सर्वांना ठाऊक. त्यांचे एक गोल पदक होते, तपकिरी रंगाचे. शेजारच्या घरात अगदी तेच चित्र असलेले पदक होते, पण ते पांढरे. तालुक्याच्या गावातल्या एका सोनाराने आमचे पदक हातात घेऊन सांगितले, ‘यात चांदी नाही, नक्कल असणार.’ त्या दिवसापासून ते खिळ्यांच्या डब्यात गेले. आजी म्हणायची, ‘ते लढायला कुठं गेले होते? भाकऱ्या थापायला गेले होते. त्यांना कोण खरं पदक देणार?’

मी ते दिल्लीला आणले तेव्हा तिशी ओलांडली होती. दहापट भिंगाखाली कडा धरली. एक क्रमांक, मग ‘कुक’ हा शब्द, मग इंग्रजी स्पेलिंगमुळे जेमतेम ओळखू येणारे पणजोबांचे नाव आणि शेवटी ‘११७ मराठाज’. सोनाराचे अर्धे म्हणणे खरे होते: चांदी नव्हती. पण ती नक्कलही नव्हती.

एकच पदक, दोन धातू

ते ‘ब्रिटिश वॉर मेडल १९१४–२०’ होते. व्यास ३६ मिलिमीटर, रचना विल्यम मॅकमिलन या शिल्पकाराची. पुढच्या बाजूला पाचव्या जॉर्जचे मस्तक, मागे घोड्यावर बसलेला नग्न पुरुष, टापांखाली गरुडाची ढाल. चांदीची सुमारे ६५ लाख पदके वाटली गेली. त्याच साच्यातून सुमारे १ लाख १० हजार पदके कांस्यात पाडली गेली आणि ती मुख्यतः चिनी, माल्टी आणि भारतीय मजूर तुकड्यांना व पलटणींसोबतच्या ‘फॉलोअर’ मंडळींना मिळाली. फॉलोअर म्हणजे स्वयंपाकी, भिस्ती, झाडूवाला, खेचरे हाकणारा. साम्राज्याच्या हिशेबात बंदूक धरणारा चांदीचा आणि त्याला पाणी पाजणारा कांस्याचा.

म्हणून तुमच्या घरी तपकिरी ‘वॉर मेडल’ असेल तर ते खोटे समजू नका. उलट चांदीच्या तुलनेत ते फारच दुर्मिळ. आणि चांदीची किती उरली? जानेवारी १९८० मध्ये जगाच्या बाजारात चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोहोचली, तेव्हा असंख्य चांदीची पदके सरळ मुशीत गेली. तिच्यात धातू वितळतो आणि कडेवरचे नावही वितळते. ज्याच्याविषयी दुसरा कोणताच कागद घरात नाही, त्याचा तो एकमेव लेखी पुरावा असू शकतो.

कडा काय सांगते, तेही पाहू. १९०३ मध्ये भारतीय सैन्याची नवी क्रमवारी लागली, तेव्हा मुंबई इलाख्याच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकात १०० मिळवले गेले. तिसरी १०३ झाली, सतरावी ११७ झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि १०३, १०५, ११०, ११७ या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणजे कडेवर ‘११७ मराठाज’ असे असेल, तर माणूस १९०३ ते १९२२ या काळातला. ही पलटण मेसोपोटेमियात होती आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात, अडकली होती. माझे पणजोबा त्या वेढ्यात होते की नंतरच्या भरतीतून गेले, हे मात्र पदक सांगत नाही. पदकावरून जेवढे कळते तेवढेच म्हणा. कुटुंबातल्या कथेला धातूचा पुरावा आहे असे उगाच भासवू नका. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मला हीच चूक सर्वाधिक दिसते.

धातू म्हणजे हुद्दा

ही उतरंड पहिल्या महायुद्धात सुरू झाली नाही. ती कंपनी सरकारच्या काळापासूनची आहे, आणि तिची सुरुवात मराठी माणसाला ओळखीची वाटेल अशा युद्धात आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात बंगालच्या पलटणी चालत पश्चिम भारतात आल्या होत्या. त्या परतल्यावर कंपनीने १७८४ मध्ये त्यांच्या शिपायांसाठी ‘डेक्कन मेडल’ काढले, सोन्यात आणि चांदीत. एका बाजूला बसलेली ब्रिटानिया, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर. गळ्यात दोरीने अडकवायचे. भारतीय सैनिकांना कंपनीने दिलेले हे पहिले पदक मानले जाते. मराठ्यांच्या बाजूने लढलेल्यांसाठी असे काही नव्हते. आपल्याकडची रीत वेगळी होती. पराक्रमाला सोन्याचे कडे, मानाची वस्त्रे, तलवार किंवा इनाम जमीन मिळे. कड्यावर नाव कोरत नसत आणि अडचणीच्या काळात ते मोडूनही खात, म्हणून आज ओळख पटवायला हाती फारसे काही उरलेले नाही.

उतरंड सर्वांत उघडी दिसते ती श्रीरंगपट्टणच्या पदकात. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला. सिंहाने वाघाला खाली दाबले आहे असे चित्र असलेले पदक बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने पाडले. साचा कोनराड हाइनरिख क्युखलर याचा. धातू पाच. सोने सेनापती आणि वरिष्ठांना, सोन्याचा मुलामा दिलेली चांदी वरच्या फळीच्या अधिकाऱ्यांना, चांदी कॅप्टन आणि त्याखालच्या अधिकाऱ्यांना, कांस्य हवालदार वर्गाला आणि कथील साध्या शिपायाला. चित्र पाचही ठिकाणी तेच.

इथे निर्मात्याचा प्रश्नही सुटतो. बंगालच्या पलटणींसाठी हेच पदक कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले. सोहोचे पदक ४८ मिलिमीटरचे, कलकत्त्याचे सुमारे ४५ मिलिमीटरचे. सोहोच्या साच्यावर क्युखलरच्या नावाची तीन आद्याक्षरे आहेत. म्हणजे दहा रुपयांच्या पट्टीने आणि भिंगाने तुम्ही सांगू शकता की समोरचे पदक इंग्लंडातून जहाजाने आले की हुगळीकाठी तयार झाले. कथलाच्या प्रतींची मात्र दुर्दशा असते. कथील मऊ, लवकर झिजते, करड्या रंगाचे होते. वाघाच्या अंगावरचे पट्टे पुसलेले असतील तर त्याचा अर्थ ‘खराब नक्कल’ असा घेऊ नका. साध्या शिपायाला मुळातच झिजणारा धातू मिळाला होता.

पुढे १९०८ पासूनच्या ‘इंडिया जनरल सर्व्हिस मेडल’मध्येही पहिल्या दोन पट्ट्यांपर्यंत, म्हणजे ‘नॉर्थ वेस्ट फ्रंटियर १९०८’ आणि ‘अबोर १९११-१२’ पर्यंत, फॉलोअर मंडळींना कांस्य मिळाले. नंतर सर्वांना चांदी. या पदकात टांकसाळ ओळखण्याची एक खूण आहे आणि ती मला फार आवडते, कारण त्यासाठी काहीच उपकरण लागत नाही. पदक ज्या नखीने वरच्या आडव्या टांगणीला जोडलेले असते, ती नखी पाहा. साधी, नक्षी नसलेली असेल तर कलकत्ता. पानाफुलासारखी वळणदार असेल तर लंडनची रॉयल मिंट. विद्यार्थी राजाचे तोंड पाहत बसतात; उत्तर त्याच्या डोक्यावरच्या बोटभर तुकड्यात असते.

दिल्लीची लढाई आणि उशिरा आलेले पदक

आमच्या भागात राहणाऱ्यांसाठी एक जवळचे उदाहरण. नोएडाच्या गोल्फ मैदानात एक दगडी स्मारक आहे. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेच्या या काठावर, पटपडगंजच्या परिसरात, जनरल लेकची फौज आणि शिंद्यांची लुई बोर्कँच्या हाताखालची कवायती फौज यांची लढाई झाली. दिल्ली इंग्रजांकडे गेली ती या लढाईमुळे. गोल्फ खेळणाऱ्यांपैकी फार थोडे त्या खांबाजवळ थांबतात.

या लढाईचे पदक कधी मिळाले? १८५१ मध्ये, म्हणजे ४८ वर्षांनी, आणि तेही जे जिवंत होते आणि ज्यांनी मागणी केली त्यांनाच. हे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक, चांदीचे, साचा विल्यम वायनचा. फितीवर लढायांच्या नावाच्या पट्ट्या बसत: ‘दिल्लीची लढाई’, १८०४ मध्ये होळकरांविरुद्धचा ‘दिल्लीचा बचाव’, शिवाय असई, आडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव, असीरगड. मराठी राज्य संपवणाऱ्या लढायांची जवळजवळ संपूर्ण यादी एका पदकाच्या फितीत मावली आहे. कडेवरचे अक्षरही बोलते. गोऱ्या सैनिकांची नावे ठोकळेबाज मोठ्या अक्षरांत ठशाने उमटवलेली, भारतीयांची वळणदार लिपीत. पन्नास वर्षे जगून मागणी करण्याइतका लांबचा प्रवास करणारा शिपाई किती दुर्मिळ असेल, याची कल्पना करा. म्हणूनच भारतीय नावाची ही पदके फार कमी आहेत आणि त्यांच्या बनावट प्रती जास्त.

बनावट करण्याची नेहमीची रीत अशी: साध्या खऱ्या पदकाची कडा घासून नाव पुसायचे आणि त्यावर महागड्या पलटणीचे नाव घालायचे. डोळ्याला कळत नाही, पण व्हर्नियर कॅलिपरला कळते. ३६ मिलिमीटरचे पदक वेगवेगळ्या दिशांनी मोजा. एका दिशेला ३६.० आणि दुसरीकडे ३५.७ आले, तर कोणीतरी तिथे कानस फिरवली आहे. नाव ठशाने उमटवलेले असेल तर अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो. कोरलेले असेल तर अवजाराने धातू खरवडून काढलेला दिसतो. कोणत्या पदकावर कोणती रीत वापरली जात होती, हे आधी माहीत असायला हवे.

आता उलट उदाहरण. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबाराचे चांदीचे पदक तुम्हाला कुणी दाखवले आणि कडा कोरी असली, तर घाबरू नका. ती पदके नावाशिवायच दिली गेली. दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश सैनिकांना तारे आणि पदके कोरी मिळाली, भारतीय सैनिकांना मात्र नाव घालून. एकाच मोर्चावरच्या दोन सैनिकांपैकी आज ओळखता येतो तो भारतीय, ही थोडी गमतीची बाब.

तराजू, पाणी आणि दोरा

आता तुमचा तिसरा प्रश्न: चांदी आहे का? कसोटीच्या दगडावर घासू नका, आम्ल टाकू नका. आर्किमिडीज पुरेसा आहे.

फीत काढा. डिजिटल काट्यावर कोरड्या पदकाचे वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घन सेंटिमीटर पदकाचे आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. समजा कोरडे वजन ३२.१ ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.१. घनता १०.३५ आली. ९२.५ टक्क्यांच्या स्टर्लिंग चांदीची घनता १०.३६ आहे. त्याच आकाराच्या कांस्य पदकाचे वजन २७.३ च्या आसपास भरेल आणि घनता ८.८ येईल. कथील ७.३, ॲल्युमिनियम २.७.

पण इथे थांबा. काटा एक दशांश ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल, तर ३.१ या आकड्यात तीन टक्क्यांची चूक सहज शिरते. चांदी आणि कांस्य वेगळे करायला तेवढे चालेल. पितळ ८.५, कांस्य ८.८ आणि कप्रो-निकेल ८.९ यांत निवड करायची तर ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. तिथे रंगाचीही मदत घ्या. दुसऱ्या महायुद्धातले ‘वॉर मेडल’, ‘इंडिया सर्व्हिस मेडल’ आणि स्वातंत्र्यानंतरची बरीच सेवापदके कप्रो-निकेलची आहेत. रंग पांढरा असल्यामुळे घरोघरी ती ‘चांदीची’ म्हणून जपलेली असतात. चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते, कप्रो-निकेल फार तर पिवळट-करडे होते. जर्मन सिल्व्हर या नावाला फसू नका. त्यात तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदीचा अंशही नसतो. चुंबकाचा उपयोग एवढाच की तो चिकटला तर आत लोखंड आहे. कप्रो-निकेलला तो चिकटत नाही.

मोठ्या संस्थांत एक्स-रे फ्लुओरेसन्सचे यंत्र असते. पदकाला धक्का न लावता ते मूलद्रव्ये सांगते. पण ते वरच्या काही मायक्रॉन थराचेच सांगते, हे विद्यार्थी विसरतात. मुलामा दिलेले पदक त्याला सोन्याचे दिसेल. चांदीची चकतीही पाडण्यापूर्वी तापवून आम्लात धुतल्यावर पृष्ठभागावर तांबे कमी होते, म्हणून यंत्र ९२.५ ऐवजी जास्त शुद्धता दाखवते. आकडा आला म्हणून उत्तर आले असे नाही.

या यंत्राने एका प्रसिद्ध गोष्टीची पंचाईत केली. व्हिक्टोरिया क्रॉस लंडनच्या हॅनकॉक्स या सराफी पेढीने पहिल्यापासून घडवला आणि तो सेबास्टोपोलला जिंकलेल्या रशियन तोफांच्या कांस्यातून होतो, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. धातूच्या तपासण्यांत वेगवेगळ्या काळच्या क्रॉसचे मिश्रण वेगवेगळे आढळले, आणि ज्या तोफांचे कांस्य साठवून ठेवले आहे त्या बनावटीने चिनी आहेत. हा क्रॉस भारतीय सैनिकांना मिळू शकतो अशी घोषणा १९११ च्या दिल्ली दरबारातच झाली होती. यशवंत घाडगे यांना तो १० जुलै १९४४ च्या इटलीतल्या लढाईसाठी मरणोत्तर मिळाला, नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीकाठच्या कामगिरीसाठी. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे. या क्रॉसवर नाव कडेला नसते: ते टांगणीच्या पट्टीच्या मागे असते आणि तारीख क्रॉसच्या मागच्या वर्तुळात.

बिल्ले

बिल्ल्यांवर मी कमी बोलणार आहे, कारण तिथे नाव नसते आणि खात्रीही कमी असते. टोपीचा बिल्ला पोलादी साच्यात दाबून केला असेल, तर त्याची मागची बाजू पुढच्या चित्राची उलटी खोल प्रत असते. ओतीव बिल्ला मागून सपाट, जड आणि भिंगाखाली बारीक छिद्रांचा दिसतो. खऱ्या बिल्ल्यावरून साचा घेऊन पितळ ओतले तर ते थंड होताना दीड-दोन टक्के आक्रसते; मूळ ४० मिलिमीटरचा बिल्ला ३९.३ च्या आसपास येतो. मात्र युद्धकाळात भारतातल्या कारागिरांनी पलटणींसाठी खरेच ओतीव बिल्ले केले, म्हणून ओतीव म्हणजे खोटा असे समीकरण मांडू नका.

निर्मात्याचा शिक्का मागे किंवा अडकवायच्या पट्टीवर शोधा. बर्मिंगहॅमचे जे. आर. गाँट आणि लंडनचे फर्मिन ही नावे वारंवार दिसतात. अधिकाऱ्यांच्या चांदीच्या बिल्ल्यांवर हॉलमार्क असतो: चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, आणि सोबतचे एक अक्षर वर्षाचे. ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमचे हलके, सोनेरी बिल्ले १९५० नंतरचे.

काळ ठरवायला चित्र जास्त मदत करते. वर मुकुट असेल तर प्रजासत्ताकापूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर शिंग असते आणि जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘मराठा’ शब्दात एक जादा ‘एच’ असतो. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्याच्या जागी खंजीर आला. दोन बिल्ले शेजारी ठेवले की अर्धी ओळख तिथेच पटते.

कांस्य पुन्हा वर

२६ जानेवारी १९५० रोजी नवे सन्मान जाहीर झाले. परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. जन्माने त्या युरोपियन, स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी लग्न करून त्या या देशाच्या आणि मराठी घराच्या झाल्या. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे, जांभळी फीत, व्यास सुमारे ३५ मिलिमीटर, धातू कांस्य. त्याखालचे महावीर चक्र चांदीचे, त्याखालचे वीर चक्रही चांदीचे. श्रीरंगपट्टणच्या पाच धातूंची शिडी डोळ्यांसमोर ठेवून हे वाचा. जो धातू एकेकाळी हवालदाराचा आणि नंतर स्वयंपाक्याचा होता, तो सर्वांत वर गेला. व्हिक्टोरिया क्रॉसचे उदाहरण समोर होते हे खरे, तरी मला हा बदल महत्त्वाचा वाटतो. गंमत म्हणजे दोन वर्षांनी आलेल्या अशोक चक्राच्या तीन वर्गांत जुनी शिडी पुन्हा दिसते: पहिला वर्ग सोन्याच्या मुलाम्याचा, दुसरा चांदीचा, तिसरा कांस्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला १९६७ पासून कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र म्हणतात.

दिल्ली छावणीतल्या गोपीनाथ बाजारात तुम्हाला यांतल्या बऱ्याच पदकांच्या प्रती काचेमागे दिसतील. त्या फसवणुकीसाठी नसतात. अनेक जवान आणि अधिकारी मूळ पदक घरी जपून गणवेशावर प्रत लावतात. अडचण वीस-तीस वर्षांनी येते, जेव्हा प्रत आणि मूळ एकाच ट्रंकेत सापडतात आणि सांगणारे कोणी उरलेले नसते. घरात जिवंत माजी सैनिक असतील तर आजच विचारून दोन्हींवर चिठ्ठी बांधा. आणि पहिल्या महायुद्धाची पदके आता शंभरी ओलांडत आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांवरची अशी वस्तू परदेशी विकायला पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

माझ्या पदकाचे सांगायचे राहिले. सातवी-आठवीत असताना मी ते खिळ्यांच्या डब्यातून काढून चिंच-मीठ लावून लख्ख घासले होते, गणपतीची उपकरणी घासतात तसे. आजीला फार आनंद झाला. चिंचेच्या आम्लाने वर्षानुवर्षांचा तपकिरी संरक्षक थर निघून गेला, मिठातले क्लोराइड खाचांत बसले, आणि आता दिल्लीच्या प्रत्येक पावसाळ्यात राजाच्या कानामागे फिकट हिरवी भुकटी उगवते. कांस्याचा रोग म्हणतात याला. मी ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवतो. कडेवरच्या ‘कुक’ शब्दाचे पहिले अक्षर घासून अर्धे गेले आहे. बाकीची तीन शाबूत आहेत.

स्वाध्याय: तुमच्या घरातले किंवा ओळखीच्या घरातले एक पदक घ्या. ते पुसू नका. तिरप्या उजेडात कडेचे चार बाजूंनी फोटो काढा, अक्षरे जशी आहेत तशी, चुकीच्या स्पेलिंगसह, वहीत उतरवा. मग व्यास चार दिशांनी मोजा, फीत सुटत असेल तर घनता काढा आणि काट्याची अचूकता लक्षात घेऊन उत्तरात किती चूक असू शकते ते शेजारी लिहा. हिरवी भुकटी किंवा मीना दिसत असेल, तर पाण्यात बुडवण्याचा भाग सोडून द्या.